विषय : सरकी नावाची कुत्री

हिंगणघाट,
ता. १९ जानेवारी १९५९

श्री. डॉ. बापूराव थूल,
गुरांचा दवाखाना, तळेगाव (श्यामजी पंत)

स. न. वि. वि.

हे पत्र पाहून आपणांस आश्चर्य वाटेल. लिहिताना मलाही वाटत आहे. म्हणून आरंभीच स्पष्ट करतो की, एका जनावराचा मालक या नात्याने मी जनावरांच्या डॉक्टरास लिहीत आहे. आपला-माझा दुसरा जो काही संबंध लोक धरतात, तो या पत्रापुरता बाजूला ठेवावा. आमच्या गावात गुरे पाहणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे गेलो, तर "मास्तर, म्हैस असेल तर आणा," म्हणून हसले. तेव्हा नाइलाज झाला.

विषय आहे सरकी नावाची कुत्री. वय सहा वर्षे, रंग मळकट पांढरा. कापसाच्या जिनातल्या सरकीच्या ढिगावर सापडली, म्हणून हे नाव. आमच्या घरातील एका व्यक्तीने ती ओंजळीत घालून आणली, लाडावून ठेवली, आणि ती व्यक्ती आता येथे राहत नाही. निस्तरतो आहे मी.

पहिली तक्रार आज्ञाभंगाची. 'ये' म्हटले की बसते, 'बस' म्हटले की निघून जाते. बत्तीस वर्षे मी शाळेत मुले सरळ केली. त्यांतले दोघे आज फौजदार आहेत. पण या जनावरापुढे सगळे पालथ्या घड्यावर पाणी. पोस्टमनवर तर इतकी भुंकते, की तो आता फाटकाबाहेरूनच टपाल फेकतो. गेल्या आठवड्यात सौ.चे एक पत्र असे नालीत पडले. तिने ते चुलीजवळ वाळवून वाचले. कोणाचे होते ते मी विचारले नाही.

दुसरे असे की ती भयंकर लठ्ठ होत चालली आहे. मी तिचे खाणे निम्म्यावर आणले. एकादशीला घरात सर्वांना उपास असतो, तेव्हा तिलाही घडवतो. रोज सकाळी वेणा नदीच्या काठी नेऊन शिटी वाजवून पळवतो. तरी पोट आहे ते वाढतेच आहे. पळता पळता मध्येच बसकण मारते आणि माझ्याकडे असे पाहते, की अपराध जणू माझाच आहे.

शिवाय खणते. तुळशीवृंदावनामागे खणते, सरपणाच्या खोलीत खणते, काल तर माझ्या आरामखुर्चीखालची फरशी नखांनी खरवडत होती. फरशीत काय मिळणार आहे? हिला एवढेही कळत नाही.

कृमी असतील काय? एरंडेल द्यायचा विचार आहे, किती द्यावे? छडीचा उपयोग कुत्र्यांत होतो की नाही? उत्तर कृपया दवाखान्याच्या कागदावर द्यावे, म्हणजे गैरसमज नको.

कळावे.

आपला,
नरहर गणेश पांढरीपांडे
निवृत्त हेडमास्तर

*

हिंगणघाट,
ता. २७ जानेवारी १९५९

श्री. डॉ. बापूराव थूल यांस,

स. न. वि. वि.

उत्तर पोचले. अक्षर सुवाच्य आहे. शुद्धलेखनाची एकच चूक सापडली, ती येथे दाखवीत नाही. आपण पत्राच्या माथ्यावर 'जयभीम' लिहिता आणि मी सवयीने माझे जुने लिहितो. त्यातून निराळा अर्थ काढू नये.

एरंडेल मुळीच देऊ नका, उपास बंद, शिटी बंद, छडी बंद. आपल्या चारही आज्ञा पाळल्या. एकंदरीत मालकाने करण्यासारखे काही शिल्लक ठेवले नाहीत. उपासाचे म्हणाल, तर ते प्रकरण फसवेच निघाले. दर एकादशीला ही बया आमच्या भांडी घासणाऱ्या वच्छलाबाईच्या घरी जाऊन हाडके चघळून येते, हे मला याच आठवड्यात कळले.

आता शिक्षणाचे. हुकूम एकाच शब्दात द्यावा, घरातल्या सर्वांनी तोच शब्द वापरावा, ऐकले की तत्क्षणी 'शाबास' म्हणून भाकरीचा तुकडा द्यावा, न ऐकल्यास रागावू नये, आणि हे दिवसातून दोनदा, पाच मिनिटांहून अधिक नको, असे आपण लिहिले. वाचून मी पत्र खाली ठेवले. मी बत्तीस वर्षांत कोणाला शाबास म्हटल्याचे मला स्मरत नाही. एखादे मूल पहिले आले, तर ते यायलाच हवे होते. त्यात शाबास कशाची? घरात कोणी पहिले आले तरी मी तेच म्हटले.

तरी प्रयोग म्हणून अंगणात उभा राहिलो. तोंडातून शब्द निघेना. सौ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती, ते आणखी एक. अखेर खोकल्यासारखे करून म्हटले एकदाचे. सरकी चटकन बसली. पुन्हा हुकूम दिला, पुन्हा बसली. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. सहा वर्षे हे जनावर एवढ्यासाठी अडून बसले होते?

पण म्हणून ती सुधारली असे समजू नका. चार दिवसांपासून मागच्या खोलीतल्या खाटेखाली ठाण मांडून आहे. ती खोली रिकामी आहे. माझे एक जुने धोतर ओढून नेऊन तिने त्याच्या चिंध्या केल्या. कोणी वाकून पाहिले की गुरगुरते. खाणे एक दिवस टाकते, एक दिवस दुप्पट खाते.

आपल्या पाच प्रश्नांपैकी चारांची उत्तरे सोबतच्या कागदावर आहेत. पाचवा प्रश्न, ती माजावर केव्हा आली होती आणि तिची आचळे पाहिलीत काय, हा मी गाळला आहे. ते पत्र मी चारदा घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. घरात बायकामाणसे आहेत. शाळेत असताना शरीरशास्त्राचा तो धडासुद्धा मी दुसऱ्या मास्तरांकडून शिकवून घेत असे. कुत्रीच्या आज्ञाभंगाशी या गोष्टीचा काय संबंध, हे मला समजले नाही.

आमच्या घरातली आणखी एक अडचण आपल्या कानावर घालतो, कारण हुकूम सर्वांनी सारखे द्यावेत असे आपण म्हणता. सौ. सुनीती संक्रांतीपासून माझ्याशी बोलत नाही. जे बोलायचे ते कुत्रीशी बोलते. "सरके, सांग त्यांना, पान वाढलंय." "सरके, विचार, आंघोळीचं पाणी काढू का?" आता यात कुत्रीने कोणता हुकूम पाळावा? बोलणे बंद होण्याचे कारण घरगुती आहे. त्याचा येथे विस्तार नको.

आपल्या पत्राची शेवटची ओळ, शरयूला सातवा लागला, थोडी अशक्त आहे आणि आईची आठवण काढते, ही विषयाला धरून नाही. नोंद घेतली आहे. अशक्तपणाला काय देता? सहज विचारतो.

आपला,
न. ग. पांढरीपांडे

*

हिंगणघाट,
ता. ३ फेब्रुवारी १९५९

डॉक्टरसाहेब यांस,

स. न. वि. वि.

घाईत आहे. काल दुपारी सरकी एका गृहस्थांस चावली. उजव्या हाताच्या पंजाला, अंगठ्याच्या मुळाशी, दोन दात खोल गेले आहेत. गृहस्थ वयस्क आहेत. कुत्री पिसाळली आहे किंवा कसे, हे ताबडतोब कळावे.

लाळ गळत नाही. पाणी पिते. आवाज बदललेला नाही. पण अंधारात जाऊन पडते, चिंध्या फाडते, घरच्या माणसावर गुरगुरते, ही लक्षणे मी आपणांस आधीच कळवली होती. शेजारी म्हणतात, नगरपालिकेला कळवा, ते विषाचा लाडू टाकतात. सौ. खोलीच्या दारात पाट टाकून बसली आहे आणि उठत नाही.

चावल्याबरोबर जखमेत तिखट भरण्यात आले. तो उपचार ज्याने शोधला त्याच्या डोळ्यांत ते भरायला हवे होते. नंतर गृहस्थांना सात विहिरींत डोकवायला नेण्यात आले. सात विहिरींत आपले तोंड पाहिले की विष उतरते, अशी येथील बायकांची पक्की समजूत आहे. विज्ञान शिकवलेल्या माणसाने भर उन्हात हातात फडके गुंडाळून विहिरीमागून विहीर पालथी घालायची! सातव्या विहिरीवर बागेचा माळी ओरडला, "काय मास्तर, काय पडलं हिरीत?"

वरच्या ओळीत 'मास्तर' शब्द आला आहे. कागद फाडून नव्याने लिहावे इतका माझा डावा हात चालत नाही. अक्षर असे का, हे आपण ओळखलेच असेल. तेव्हा कबूल करतो. गृहस्थ मीच.

येथील दवाखान्यात गेलो होतो. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील म्हणतात. आजपासून सुरू. कुत्री दहा दिवस जगली-वाचली तर सुया तेथेच थांबवता येतील, म्हणून तिला मारू नका, बांधून पाहत राहा, असेही ते म्हणाले. हे खरे काय? माझा त्यांच्यावर विश्वास आहे, पण तुमच्याकडून कळले तर बरे.

शरयूस हे सांगू नये. तिची अवस्था मला ठाऊक आहे.

न. ग. पां.

*

हिंगणघाट,
ता. ६ फेब्रुवारी १९५९

डॉ. बापूराव यांस,

स. न. वि. वि.

तुम्ही आलात आणि गेलात. मी तिकडे दवाखान्यात पोट उघडे टाकून तिसरी सुई घेत होतो. घरी येऊन पाहतो तो अंगणात ताक पिऊन झालेला पेला पालथा, सौ. डोळे पुसते आहे आणि वच्छलाबाई खुशाल हसते आहे. मला वाटले, कुत्री मेली.

जे घडले ते मला दोघींनी मिळून सांगितले. दोघी एकदम बोलत होत्या, तेव्हा चूकभूल असेल ती त्यांची. तुम्ही फाटकातून "सरके" म्हणून तीन हाका मारल्यात आणि तीन दिवस खाटेखालून न हललेले ते जनावर दोर ताणून, शेपूट हलवीत दारात आले. ना ओळख ना पाळख. तुमच्या पिशवीला शरयूच्या हाताचा वास असणार, दुसरे काय! तुम्ही अंगणातच मांडी घालून तिला तपासलेत. हिने तुम्हाला "आत या" म्हटले. त्यावर तुम्ही म्हणालात, "मास्तरांनी बोलावलं की येईन, आई. तोवर माझा पेशंट अंगणातच बरा." आणि चारच्या मोटारीने परत गेलात. एवढा प्रवास करून एका कुत्रीसाठी कोणी येतो?

आणि निदान काय, तर पिसाळलेली नाही, गाभण आहे. पाच-सहा दिवसांत विणार.

मी वच्छलाबाईला विचारले, तुला हे ठाऊक होते? तर कमरेवर हात ठेवून म्हणते, "आता घ्या! साऱ्या मोहल्ल्याले ठाऊक हाय मास्तर. मले वाटे तुमाले बी ठाऊक असन. तुमी तिले नदीवर पळवून राह्यले, त लोक म्हनत, मास्तर काऊन असे करते त्या गाभणीले? इतके शिकले तुमी, अन् ढोराचं पोट वळखू नाई आलं?"

म्हणजे गेला महिनाभर मी त्या पोटुशा जिवाला अर्धपोटी ठेवले, उपास घडवले, शिट्या फुंकून वाळूत पळवले, आणि अख्खे गाव काठावर उभे राहून माझी कीव करीत होते. एकाने तोंड उघडले नाही. तुम्ही विचारलेत, तर तो प्रश्न मी खिशात घातला. एरंडेलाची बाटली तर आणून ठेवलीच होती.

मी हिच्यावर ओरडलो. म्हटले, तू तरी बोलायचे! तेव्हा तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी सरळ बोलली. म्हणाली, "तुम्हाला सांगून काय होतं? संक्रांतीला सांगितलं, लेकीला दिवस आहेत, सातवा लागेल, आणू या. तर तुम्ही वर्तमानपत्र मागितलंत."

मागितले होते. खरे आहे ते.

आता तुम्ही मनात म्हणाल की, मास्तरांनी यातून बोध घ्यावा. बोध देण्याचे काम मी जन्मभर केले आहे. तो कसा लागतो हे मला चांगले कळते. कृपा करून तुम्ही देऊ नका.

तुमची लेखी सूचना हिने भिंतीला चिकटवली आहे. कुत्रीला दोरीने आवळून बांधू नये, खोलीचे दार लावून ठेवावे. जागा बदलू नये. दिवसातून तीनदा दूधभाकरी, थोडे थोडे. विताना गर्दी नको, पिलांना हात नको. जखम साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायची असते, तिखटाने नव्हे. ही शेवटची ओळ मी मोठ्याने वाचून दाखवली. हिने ऐकली नाही.

पोट फार दुखते. सुईवाला कंपाउंडर माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याला एकदा मी दिवसभर बाकावर उभे केले होते, अशी त्याने हसत हसत आठवण दिली आणि मग सुई टोचली.

न. ग. पांढरीपांडे

*

हिंगणघाट,
ता. १४ फेब्रुवारी १९५९

चि. बापूराव यांस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

वर आधी 'स. न. वि. वि.' लिहिले होते, ते खोडले आहे. खाडाखोड दिसेल, त्याबद्दल क्षमा. नवा कागद घेतला असता, तर धीर राहिला नसता.

दहा दिवस पुरे झाले. सरकी जिवंत आहे, खाते-पिते, पूर्वीइतकीच अवज्ञा करते. परवा दवाखान्यात तसे सांगितले आणि सुया थांबल्या. सोमवारी दुपारी ती व्याली. पाच पिले झाली, त्यातले एक वाचले नाही. दोन पांढरी आहेत, दोन काळी-पांढरी. मी खोलीबाहेर स्टूल टाकून बसलो होतो आणि तुमच्या सूचनेप्रमाणे गर्दी हटवीत होतो. गर्दी म्हणजे वच्छलाबाई, तिच्या दोन सुना आणि शेजारचे चौघे. "मास्तर, तुमी काऊन घाबरून राह्यले? तुमाले थोडंच व्याचं हाय?" असे ती बाई मला सर्वांसमोर म्हणाली.

आता जे तुम्हाला कळवले नाही ते कळवतो.

मागची खोली शरयूची. ती मी एका बँकेतल्या कारकुनास एक मार्चपासून द्यायचे ठरवले होते. भाड्याचा लोभ नव्हता. खोली रिकामी दिसली की ही रोज विचारणार, आणायची कधी? खोलीच नसली म्हणजे प्रश्नच उरणार नाही, असा माझा बेत. चावण्याच्या दिवशी दुपारी ही देवळात गेलेली पाहून मी खोली आवरायला घेतली. सरकीने शरयूची गोधडी खाटेखाली ओढून नेली होती. तिच्या लहानपणीच्या परकरांची हिने शिवलेली गोधडी आहे ती. मी ती ओढली. सरकी गुरगुरली. पुन्हा ओढली, तर दात दाखवले. कुत्रा आधी सांगतो आणि मग चावतो, असे तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिले होते. मी काठी उचलली. पोटात पिले असलेल्या जनावरावर, ते ठाऊक नव्हते तरी काठी ती काठीच. मग ती चावली. हे मी दवाखान्यात सांगितले नाही, हिलाही नाही. हिला काल सांगितले. तिने माझा हात घेऊन पट्टी बदलली.

कारकुनाला नकार कळवला आहे.

दुसरी गोष्ट तुम्हाला शरयूने सांगितली असेल किंवा नसेल. ती कोणाला सांगणारी नाही. गेल्या मे महिन्यात मी आर्वीला एका लग्नाला आलो होतो आणि तेथून तळेगावला आलो. तुम्ही फिरतीवर होता. का आलो, मलाच ठाऊक नाही. मुलगी कशी राहते ते लांबून पाहून परतावे, असे काहीतरी मनात होते. पण तिने दारातून पाहिले आणि धावत बाहेर आली. वैशाखातली दुपार होती. माझ्या घशाला कोरड पडली होती. ती आत जाऊन तांब्या-भांडे घेऊन आली. मी घेतले नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हटले, "तहान नाही." ती भांडे धरून उभी राहिली. मी पाठ फिरवली. मोटारस्टँडवर आलो आणि तेथल्या पाणपोईवर चार ओंजळी पाणी घटाघटा प्यायलो. ते रांजण कोणी भरले, त्याची जात कोणती, हे काही मी विचारले नाही. फक्त माझ्या मुलीच्या हातचे तेवढे मला चालले नाही.

शाळेत दर वर्षी अस्पृश्यतानिवारणावर मी भाषण देत असे. मुलांना ते पाठ करायला लावी. चुकले तर हातावर छडी मारी. शरयूने ते भाषण सगळ्यांत चांगले म्हणून दाखवले होते, एकही चूक न करता. तिला मी काय म्हटले असेन ते तुम्ही आता ओळखालच. मी म्हटले, हेडमास्तरच्या मुलीला ते यायलाच हवे. पुढे तिने ते भाषण खरे मानले आणि तुमच्याशी लग्न केले, तर मी तुम्हाला चार लोकांत 'ढोरडॉक्टर' म्हटले. हे तुमच्या कानावर गेले असणार. मला माझाच संताप येतो. या वयात तो कोणावर काढावा, हेही कळत नाही.

मुद्द्यावर येतो. शरयूला आठवा लागायला आता दहा-बारा दिवस आहेत, असे ही म्हणते. आठव्यात मुलीला प्रवास करवीत नाहीत. त्याच्या आत तिला आणायला हवे. तुमच्या घरात वडीलधारी बाई नाही. तुमच्या आई नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुम्ही फिरतीवर असता. पहिले बाळंतपण आहे आणि ती अशक्त आहे. तिला आईजवळ असायला हवे, आणि मी ते एक महिना लांबवले. मोटारीचे धक्के तिला सोसतील काय, डॉक्टर म्हणून सांगा. नसतील सोसत तर हीच तिकडे येईल, मी येथे भांडी घाशीन.

तिची खोली तिची आहे. पिले सरपणाच्या खोलीत हलवावी लागतील. तुम्ही जागा बदलू नये म्हटले आहे, तेव्हा केव्हा आणि कशी हलवायची ते येऊनच सांगा. पोचवायला तुम्हीही चला. हिला तुम्ही सांगून गेलात की मास्तरांनी बोलावले की येईन. बोलावतो आहे. अंगणातून परत जायचे नाही.

ती नाही म्हणू शकते. तुम्हीही म्हणू शकता. म्हटलेत तर मला तोंड नाही, मी गुपचूप मोटारीत बसून परत येईन. पण मुलीला न्यायला माहेरचे माणूस जावे लागते. तिला भाऊ नाही, मीच आहे. तेव्हा येणार हे नक्की.

येत्या शुक्रवारी, ता. २० रोजी, आर्वीच्या मोटारीने निघून दुपारी दोनपर्यंत तुमच्या दारात पोचतो. प्रवासात बाहेरचे खावे लागू नये म्हणून ही नेहमी दशम्या बांधून देते. या वेळी बांधू नकोस म्हणून सांगितले आहे. सकाळपासून मी काही खाणार नाही आणि वाटेत कोठे पाणी पिणार नाही. तुमच्या घरी जे शिजले असेल ते ताटात वाढा.

आणि शरयूला म्हणावे, आधी पाणी आण.

तुमचा सासरा,
नरहर